चवीपुरते स्वातंत्र्य

पाककृतीच्या पुस्तकाला वाङ्मय म्हणायचे की नाही, या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. मात्र संहिता आणि वाचक यांच्या नात्याची जी चर्चा आपण वर्गात करतो, तिचे सर्वांत रोखठोक उदाहरण स्वयंपाकघरात सापडते. ‘चवीपुरते मीठ’ असे लिहिणारा लेखक संहितेतली एक जागा जाणूनबुजून रिकामी सोडत असतो. ती वाचकानेच भरायची असते.

कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (1970) वाटी-चमच्याचे प्रमाण दिले आणि नवख्या हातांना आधार मिळाला. पण प्रमाण ठरले म्हणून चव ठरत नाही. तीच तूरडाळ एका घरी चिंच-गूळ-गोडा मसाल्याची आमटी होते, दुसरीकडे आमसुलाची, तर तिसरीकडे कांदा-लसूण मसाल्याची. यांतली मूळ कोणती, हा प्रश्नच गैरलागू आहे. ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत एकनाथांनी 1584 मध्ये सिद्ध केली. आमटीची तशी प्रत संभवत नाही. तिचे नाते ग्रंथापेक्षा जात्यावरच्या ओवीशी अधिक जवळचे. गळा बदलला की ओवी बदलते, आणि म्हणूनच ती टिकते.

‘अस्सल’पणाच्या रखवालदारांनी उपवासाच्या साबुदाणा खिचडीकडे जरूर पाहावे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची ही चारही मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकापूर्वी यांतले काहीच आपल्याकडे नव्हते. आज आपण जिला परंपरा म्हणतो, ती कोणीतरी बिनधास्तपणे केलेली फेरफारच आहे.

तरीही हे स्वातंत्र्य निरंकुश नाही. भाषेत शैली बदलता येते, व्याकरण नव्हे. लोणच्यातले मीठ केवळ चवीसाठी नसते, टिकण्यासाठीही असते. ते निम्मे केले की फोडी बुरसटतात. लाडवाचा पाक कच्चा राहिला तर लाडू वळत नाहीत. कशाचा संबंध रुचीशी आणि कशाचा घडणीशी, हे ज्याला कळले त्यानेच खुशाल बदल करावेत.

मला खरा आक्षेप घ्यायचा आहे तो वेगळ्याच ठिकाणी. ‘घरच्यांच्या आवडीप्रमाणे’ या सोज्वळ शब्दप्रयोगातले ‘घरचे’ नेमके कोण? मुलांना तिखट नको, यजमानांना कारल्यात गूळ हवा, सासूबाईंना लसूण चालत नाही. या यादीत रांधणारीचे नाव बहुधा नसते. ज्याला आपण पाककृतीतले स्वातंत्र्य म्हणतो, ते तिच्या बाबतीत पुष्कळदा आज्ञापालनच असते. तिला काय आवडते हे घरात कोणालाच सांगता येत नाही. आणि वर्षानुवर्षे इतरांच्या जिभेने चव घेतल्यावर एखादे दिवशी तिलाही ते आठवेनासे होते.

म्हणून पाककृती अवश्य बदलावी, पण बदल कोणासाठी केला हेही वहीच्या समासात टिपून ठेवावे. चार-सहा पाने उलटल्यावर त्या समासात लिहिणारीचे स्वतःचे नाव एकदाही आढळले नाही, तर दुरुस्तीची गरज पाककृतीला नाही, घराला आहे.