खांबाआडचे साक्षीदार

१८ मे २०२५ रोजी एव्हर्टनच्या पुरुष संघाने साउदॅम्प्टनला २-० असे हरवून लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कचा निरोप घेतला. मैदान १८९२ सालचे. साहजिकच आठवणींना पूर आला. आजोबांचे बोट धरून आलेला नातू, वर्षानुवर्षांची ठरलेली खुर्ची, कोपऱ्यातले सेंट ल्यूकचे चर्च. सारे खरे, पण सारे यजमानांचे. त्या दिवशी हरून परतलेल्या पाठीराख्यांना या स्मरणगाथेत जागा नाही.

आम्ही पूर्वी तेथे गेलो होतो तेही पाहुण्या संघाच्या बाजूने. पाहुण्यांची जागा बुलन्स रोड स्टँडच्या एका टोकाला असे. आर्चिबाल्ड लीच यांनी आखलेल्या या १९२६ सालच्या स्टँडच्या सज्जावर पोलादी पट्ट्यांची फुल्याफुल्यांची नक्षी आहे. अभ्यासक तिचे कौतुक करतात. आमच्या मात्र ती डोक्यावर होती आणि डोळ्यांसमोर छताचा खांब. चेंडू जाळ्यात गेला की नाही, हे इतरांच्या ओरडण्यावरूनच समजायचे! संघ मैदानात येताना ‘झेड कार्स’ची धून वाजली आणि भोवतालचे हजारो लोक उचंबळून आले. ती आमच्यासाठी नव्हती; कदाचित म्हणूनच आम्ही ती लक्षपूर्वक ऐकली.

गैरसोयीचे गोडवे आम्हांला गायचे नाहीत. खांब तो खांबच. प्रश्न साक्षीचा आहे. वास्तूचा धाक घरच्या माणसाला जाणवत नाही, तो परक्याला जाणवतो. गुडिसन आता एव्हर्टनच्या महिला संघाचे मैदान आहे. त्याचे चरित्र कुणी लिहायला घेतलेच, तर त्याने साउदॅम्प्टनलाही एक फेरी मारावी.