पान कुठे तोडावे?

मतदानाच्या दिवशी शिवाजी पार्कच्या परिसरात, केंद्रापासून नियमाने ठरलेले अंतर राखून, निरनिराळ्या पक्षांची जी मेजे मांडलेली असतात, त्यांच्यामागे बसलेल्या कार्यकर्त्यापुढे उभ्या माहीम विधानसभा मतदारसंघाची यादी कधीच नसते. असतो तो एका यादीभागाचा, कडा दुमडलेला गठ्ठा, ज्याच्या भरलेल्या पानावर तीस नावे असतात आणि तळाशी एकूण पृष्ठे किती हेही छापलेले असते. राजकीय पक्षांनी तर या पानालाच हुद्दा देऊन पन्नाप्रमुख नेमले.

यादी पानापानांत वाटण्याचा, छापील दप्तरात मुरलेला हा विवेक आपल्या सरकारी संगणकसेवांत मात्र अभावानेच आढळतो. एका संगणकाने दुसऱ्याकडे माहिती मागण्याची जी खिडकी असते, जिला त्या व्यवसायातील मंडळी एंडपॉइंट म्हणतात, ती प्रारंभी शेदोनशे नोंदी असताना सर्व मजकूर एकदम देते. पुढे नोंदी लाखांवर जातात, उत्तर येता येता खिडकीच बंद पडते, आणि मग कोणीतरी घाईघाईने पाने पाडतो. ही घाईच घातक. समजा, महापालिकेच्या जी-उत्तर विभागाच्या तक्रारींची वही, नवी तक्रार सर्वांत वर, अशा क्रमाने पन्नासपन्नासच्या पानांत मिळते आहे. पहिले पान वाचून होते न होते तोच नवी तक्रार दाखल झाली, की पन्नासावी एकावन्नावी होऊन दुसऱ्या पानाच्या शिरोभागी पुन्हा उभी राहते. उलट वरची एखादी काढली गेली, तर एकावन्नावी सरकून वाचून झालेल्या पानात जाते आणि वाचणाऱ्याच्या दृष्टीस पडतच नाही. तक्रारदाराने दाद कोणाकडे मागायची? शिवाय ‘पहिल्या दहा हजार सोडून पुढच्या द्या’ असे सांगितले, तरी त्या दहा हजार ओलांडण्याचे श्रम यंत्राला बहुधा घ्यावेच लागतात.

मतदारयादी या संकटातून सहज सुटते. वगळलेल्या नावावर तशी खूण पडते, पण पुरवणी मूळ यादीत विलीन होईपर्यंत त्याचा अनुक्रमांक दुसऱ्याला मिळत नाही, आणि नवे नाव मध्ये न घुसता पुरवणीत जाते. मराठी विकिपीडियाची यंत्रसेवाही सामान्य मागणीदारास शीर्षकांची सूची एका वेळी ५०० पर्यंतच देते, आणि उरलेल्यांसाठी पान क्रमांक न सांगता, पुढे ज्या शीर्षकापासून आरंभ करायचा ते शीर्षकच खूण म्हणून हाती ठेवते. वर कितीही भर पडो वा घट होवो, ती खूण ढळत नाही.

तात्पर्य, पान मोजणीने नव्हे तर नोंदीच्या स्वतःच्या ओळखीने तोडावे, हे माझे मत. आणि जुन्या सेवेला पाने पाडताना तर अधिकच जपावे, कारण पूर्वी सर्व काही एकदम मिळण्याची सवय जडलेला एखादा जुना प्रोग्राम पहिल्या पानालाच संपूर्ण यादी समजून निमूटपणे हिशेब मांडील, आणि उरलेल्यांची रुजुवात कोणीच करणार नाही.

म्हणून महापालिका आणि राज्य शासन यांना विनंती एवढीच, की अशा सेवांच्या पुढील निविदांत कमाल पानमर्यादा, नोंदीच्या ओळखीवर आधारलेली पुढची खूण आणि ‘आणखी शिल्लक आहे की नाही’ याचे स्पष्ट उत्तर, ही कलमे सक्तीची करावीत. आणि सेवेचा जुना पत्ता, नवा रुळेपर्यंत, आहे तसाच चालू ठेवावा.