बर्डीला पडीक म्हणू नका

साकोलीहून नागझिऱ्याकडे निघालं की भाताच्या बांध्या मागे पडतात आणि चढावर बर्डी लागते. लाल, खडेरी, मुरमाड जमीन. महसुली नजरेत ती पोटखराबा, म्हणून रस्त्याच्या भरावाला मुरूम हवा झाला की जेसीबी आधी तिथेच लागतो. मला हे मुळीच पटत नाही.

ऐन-धावड्याखालचा पाला जरा बाजूला सारून पाहा. वर बोटभर काळी, भुसभुशीत माती. खाली लाल मुरूम, गारगोटीचे टोकदार तुकडे आणि त्यांच्या फटींतून शिरलेली मोहाची मुळं. इथला खडक फार जुना. भूशास्त्रात ‘साकोली समूह’ हे नाव आमच्याच गावावरून पडलं. युरोप-अमेरिकेत बरीच खडेरी वनजमीन हिमनद्यांच्या वितळत्या पाण्यानं आणून टाकलेली आहे, तिथले गोटे वाहून गुळगुळीत झालेले. आमची बर्डी जागच्या जागी झिजून झाली. पाण्याशी वागणं मात्र दोघींचं सारखंच: पाऊस खड्यांतून झटकन मुरतो, वरची ओल धरून ठेवतो तो पालापाचोळ्याचा थर.

तो थर खरवडला की माती ओढ्यानं थेट मामा तलावात उतरते. मग गाळ उपसायला पैसा ओता! ग्रामसभांनी जंगलालगतच्या चढावर मुरमाला ना-हरकत देऊच नये. आणि मोहफुलं वेचण्यासाठी पाला जाळणंही आपणच थांबवलं पाहिजे. झाडाखाली जाळी बांधली तर फुलं स्वच्छ मिळतात.