गारठलेला मुका जीव

डिसेंबर-जानेवारीत पुष्कळ घरांत असे घडते. सकाळी ऊन पडले की पिंजरा गच्चीवर जातो, ससा अंगणात सोडला जातो, हॅमस्टरची पेटी गॅलरीत येते. मग पाहुणे येतात, असरची वेळ होते, मुले शिकवणीला जातात. आईला वाटते मुलांनी पिंजरा आत घेतला, मुलांना वाटते आईने घेतला. फजरला दार उघडले की लक्षात येते. कुणाच्या मनात वाईट काही नसते. पण एका लहानशा जिवाने सारी रात्र थंडीत काढलेली असते.

आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, असे म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण निफाडचा पारा ५ अंशांखाली गेल्याची बातमी आपण वाचतोच, आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात. शिवाय लहान प्राण्याला धोका व्हायला शून्य अंश लागत नाहीत. शरीर जितके लहान, तितकी त्यातली ऊब लवकर निघून जाते. लव्हबर्ड म्हणून आपण जे रंगीत पक्षी आणतो ते बहुधा बजरीगर असतात. त्यांचे वजन अवघे ३०-४० ग्रॅम. अंग भिजले आणि वारा लागला, तर १०-१२ अंशांतही असा जीव दगावू शकतो.

असा प्राणी सापडला तर काय करावे? पहिली गोष्ट, तो गार पडला म्हणून मेला असे ठरवू नका. हॅमस्टरच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे आहे. पारा ५ अंशांच्या आसपास आला की तो सुप्तावस्थेत जाऊ शकतो. अंग बर्फासारखे गार लागते, श्वास इतका मंद होतो की दिसतही नाही. अशा वेळी जिवंत प्राणी पुरला जाण्याची भीती असते. म्हणून आधी ऊब द्या, मिशा हलतात का हे धीराने पाहा, आणि मगच काय ते ठरवा.

ऊब द्यायची ती हळूहळू. ओले अंग कोरड्या फडक्याने टिपून घ्या, चोळू नका. गरम पाण्याची पिशवी किंवा बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा. तीही एकाच बाजूला, म्हणजे नको वाटल्यास प्राण्याला सरकता येईल. तासाभराहून जास्त वेळ लागला तरी घाई करू नका. गरम पाण्यात बुडवणे किंवा शेगडीजवळ धरणे घातक आहे. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर पेटवूच नये. तिचा वायू पक्ष्याचा जीव आधी घेतो, आणि माणसाचाही घेऊ शकतो. शुद्ध नसताना तोंडात दूध-पाणी घालू नका, ते फुफ्फुसात जाते. ऊब देत असतानाच पशुवैद्यांना फोन लावा. हुशारी आल्यावरही ससा खात नसेल, तर दिवसभर वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्यावे.

प्रत्येकाची गरजही वेगळी असते. मोठा ससा कोरड्या, वारा न लागणाऱ्या जागी थंडी बऱ्यापैकी सोसतो. त्याची नुकती जन्मलेली, बिनकेसांची पिल्ले सोसत नाहीत. गिनीपिगला रात्री घरातच ठेवावे. कोंबडीविना वाढणाऱ्या पिलांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते, म्हणून खुराड्यात बल्ब हवा आणि वाऱ्याच्या बाजूने गोणपाट. बाहेर राहिलेली मांजर उबेसाठी गाडीच्या बॉनेटखाली शिरते. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा मारा.

एवढे करूनही कधी प्राणी वाचत नाही. अशा वेळी घरात पहिला प्रश्न येतो, ‘पिंजरा कोण विसरले?’ आणि बोट बहुधा सर्वांत लहान मुलाकडे जाते. हजरत अनस (रजि.) यांचे धाकटे भाऊ अबू उमैर यांच्याकडे एक छोटा पक्षी होता. तो मेला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या मुलाची, त्याच्या पक्ष्याचे नाव घेऊन, मायेने विचारपूस केली. एका मुलाचे दुःख त्यांना क्षुल्लक वाटले नाही. आपल्या घरातले मूल रडत असेल तर त्याला जवळ घ्यावे. जबाबदारी कशी घ्यायची ते दोन दिवसांनी शांतपणे शिकवावे. आज ओरडा खाल्लेले मूल पुढच्या वेळी चूक लपवील, आणि लपवलेल्या चुकीत वेळ गेला तर वाचू शकणारा जीवही वाचत नाही.

खरे तर ही जबाबदारी एकट्या मुलाची नसतेच. अंधार पडू लागला की मुलांना आत घ्यावे, रात्री दारे लावावीत, भांडी झाकावीत, ही प्रेषितांची शिकवण आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते. थंडीचे दोन-तीन महिने त्यात एक काम वाढवू या. मगरिबची अजान झाली की घरातल्या एका मोठ्या माणसाने गच्ची, गॅलरी आणि अंगण पाहून यावे, आणि पिंजऱ्यातले जीव मोजावेत. कोण मोजणार, हे आजच रात्रीच्या जेवणाला बसल्यावर ठरवून टाका.