नस पाहिलीत, आता स्नायूही पाहा

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याकडे एकच प्रश्न येतो, "कितवा महिना?" तळहाताची सोनोग्राफी करायची आहे असं मी घरात सांगितलं तेव्हा सगळे हसले. पण हाताला मुंग्या येणाऱ्यांसाठी ही तपासणी फार कामाची आहे. माझी तक्रार एवढीच, की ती बऱ्याचदा अर्धीच होते.

मनगटात लहान हाडांची एक पन्हळ असते आणि तिच्यावर एक जाड पट्टा ताणलेला असतो. या बोगद्यातून बोटं वाकवणारे ९ स्नायुबंध आणि मीडियन नावाची एक नस जाते. जागा कमी पडली की नस चेपते. हाच कार्पल टनेल सिंड्रोम. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची एक बाजू बधिर होते. रात्री उठून हात झटकावा लागतो. मधुमेह, थायरॉईडची कमतरता, गरोदरपण यांत हा त्रास अधिक, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. घरात मात्र त्याला 'कामाचा शीण' म्हणून मोकळे होतात.

खरी मेख पुढेच आहे. मुंग्या आल्या की माणूस कुरकुर करतो, पण स्नायू झिजताना दुखत नाही. आजार वाढल्यावर कधीकधी दुखणं कमीच होतं आणि सगळ्यांना वाटतं, चला, बरं वाटतंय! तोवर ज्योतिषी ज्याला शुक्राचा उंचवटा म्हणतात तो अंगठ्याखालचा भाग सपाट होत असतो. बटण लागत नाही, डब्याचं झाकण निघत नाही. पूर्ण झिजलेला स्नायू शस्त्रक्रियेनंतरही पूर्ववत होईलच असं नाही. म्हणून तो वेळेत पाहायला हवा.

सोनोग्राफीत बहुधा नसेचं क्षेत्रफळ मोजतात. मनगटाशी ते साधारण १० चौरस मिलिमीटरच्या वर गेलं की संशय येतो. रिपोर्ट तिथेच संपतो. प्रोब दोन बोटं पुढे सरकवला तर अंगठ्याचा स्नायू कातडीखालीच सापडतो. निरोगी स्नायू पडद्यावर काळसर दिसतो. नसेचा पुरवठा तुटला की तो पातळ होतो, त्यात चरबी आणि तंतू भरतात आणि तो पांढुरका दिसू लागतो. फारच झिजला तर खालच्या हाडाची चकचकीत रेषाही पुसट होते. स्नायूच्या या पांढरेपणाला १ ते ४ अशी श्रेणी देण्याची पद्धत हेकमॅट आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्येच मांडली आहे.

शेजारी तुलनेची सोयही आहे. अंगठा आणि तर्जनी यांमधल्या स्नायूला वेगळी नस जाते, जी या बोगद्यातून जात नाही. तो शाबूत आणि अंगठ्याचा झिजलेला, तर संशय मनगटावर. दोन्ही झिजलेले असतील तर मानेपासून शोध घ्यायला हवा.

म्हणजे सुईची तपासणी बाद झाली का? अजिबात नाही. अंगठ्याच्या मुळाशी ईएमजीची सुई मीही टोचून घेतली आहे आणि ती सुखाची नव्हती, हे खरं. पण नस किती काम करते हे विजेच्या तपासणीतच कळतं. सोनोग्राफी रचना दाखवते. सुरुवातीच्या आजारात स्नायू अगदी नॉर्मल दिसू शकतो. पांढरेपणा वयानुसार वाढतो आणि मशीनच्या सेटिंगनुसारही बदलतो, त्यामुळे नुसत्या नजरेच्या अंदाजावर शस्त्रक्रिया ठरवू नये. मात्र सुईला घाबरून जे तपासणीच टाळतात, त्यांचा आजार कुठवर गेला आहे हे निदान इथे दिसेल. पुढच्या वेळी त्याच मशीनवर, त्याच सेटिंगवर पाहिलं तर फरकही कळेल.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते, ते कुणी चालवायचं यावरही बंधनं आहेत. कायदा का करावा लागला हे आपण सगळे जाणतो, त्यामुळे त्याबद्दल कुरकुर नाही. पण परदेशात न्यूरॉलॉजिस्ट स्वतःच्या टेबलावर जे सहज पाहतो, ते इथे त्याला दुसऱ्याकडून करून घ्यावं लागतं. म्हणूनच चिठ्ठीवर 'मनगटाची नस' एवढंच न लिहिता 'आणि अंगठ्याचे स्नायू, दोन्ही हात' हे चार शब्द जास्त लिहावेत. डॉक्टर विसरले तर आपण आठवण करून द्यावी.

वेळ जाईल तो दोन-चार मिनिटांचा. अंगठा मात्र जन्मभर लागतो.