संकल्पांतील नदी

नवरात्र उठलें कीं घरोघर दिवाळीच्या याद्या निघतात, आणि ज्या घरांतील मुलगा सैन्यांत आहे त्या घरांत यादीबरोबर एक प्रश्नही निघतो : "यंदा येणार का?" उत्तर पुष्कळदां "नाहीं" असें येतें. मग वडील मंडळी म्हणतात, "झालें, आमची दिवाळी यंदा नाहींच." हें वाक्य आम्हीं अनेक घरांतून ऐकिलें आहे. तें प्रेमाचें आहे ह्याविषयीं शंका नाहीं. पण तें न्यायाचें आहे काय, ह्याचा विचार वाचकांबरोबर करावा असें आम्हांस वाटतें.

आमच्या परिचयाच्या पुण्यांतील एका कुटुंबाचा मधला मुलगा लष्करांत अधिकारी आहे. गेल्या वर्षीं उन्हाळ्यांत त्याची बदली आसामांत तेजपूर येथें झाली. क्वार्टर मिळालें, पत्नी व नऊ वर्षांची मुलगी तेथें गेलीं, मुलीचें नांव केंद्रीय विद्यालयांत घातलें. आणि संसार लागतो न लागतो तोंच भाद्रपदांत त्याला पुढें, सेला घाटापलीकडे जाण्याचा हुकूम झाला. हा घाट सुमारें १३,७०० फूट उंचीवर आहे, आणि त्यापुढील ठाण्यांत त्याला कुटुंब नेतां येण्यासारखें नव्हतें. मायलेकी तेजपुरांतच राहिल्या. पुण्याच्या घरीं असें मत पडलें कीं, तो तेथें नाहीं, तर सुनेनें मुलीला घेऊन दिवाळीला घरीं यावें. सुनेनें फोनवर सांगितलें, "दोन दिवसांची परवानगी मिळाली तर ते खालीं येतील. त्या वेळीं घराला कुलूप नसावें." सासूबाई म्हणाल्या, "घर? घर तर हें आहे." त्यावर पलीकडून उत्तर आलें नाहीं, आणि पुढें आठ दिवस फोनही झाला नाहीं.

रागावण्यापूर्वीं रजेचा हिशेब समजून घ्यावा. जवानाला वर्षाकाठीं ६० दिवसांची वार्षिक व ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. अधिकाऱ्याची नैमित्तिक रजा २० दिवसांची असते. पण रजा किती हा एक प्रश्न, आणि केव्हां हा दुसरा. सीमेवरचें ठाणें सणापुरतें बंद ठेवतां येत नाहीं. एकजण दिवाळीला घरीं पोंचतो तो दुसरा कोणी मागें राहतो म्हणून. आणि कोणाची आई आजारी असेल, कोणाचें लग्न ठरलें असेल, तर त्याला आधीं सोडावें लागतें. ह्या भागांत पहारा ढिला ठेवून चालत नाहीं, हें १९६२ सालीं दिसून आलें आहे. त्या वर्षीं दिवाळी आठवड्यावर आली असतां, २० ऑक्टोबरला, चीनचा हल्ला झाला, आणि नोव्हेंबरांत तेजपूर शहर रिकामें करावें लागलें. तेव्हां मुलगा येत नाहीं ह्याचा अर्थ तो घराला विसरला असा होत नाहीं.

परंतु सुनेचें काय? तिनें यावयास काय हरकत होती? ह्या प्रश्नाचें उत्तर, आमच्या मतें, आपल्या संकल्पांतच आहे. पूजेला बसलेला मनुष्य देश आणि काल ह्यांचा उच्चार प्रथम करितो. महाराष्ट्रांत आपण गोदावरीच्या दक्षिण तीराचें नांव घेतों. तें सवयीनें जिभेवर बसलें आहे; पण त्याचा अर्थ इतकाच कीं, मी आज येथें बसलों आहें. जो ब्रह्मपुत्राच्या कांठीं बसला आहे त्यानें ब्रह्मपुत्राचें नांव घ्यावें. कर्म वाड्याला बांधलेलें नसून कर्त्याच्या बसल्या जागेला बांधलेलें आहे.

तिथीचेंही तसेंच आहे. नरकचतुर्दशीचें अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वीं आणि लक्ष्मीपूजन सूर्यास्तानंतर प्रदोषकालीं; पण सूर्य कोणता? जेथें आपण आहों तेथला. पुण्याचा रेखांश सुमारें ७४ आणि तेजपूरचा ९३. अंतर १९ अंशांचें. अंशास चार मिनिटें धरलीं तर ७६ मिनिटें झालीं. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. नोव्हेंबरच्या आरंभीं तेजपुरास पांच वाजण्यापूर्वींच सूर्य मावळतो. पुण्याच्या घरीं समया घासावयास काढल्या असतील तेव्हां तेथें दिवे लागून चुकलेले असतात. आपल्या घड्याळानें फोन करून "अजून अंघोळी व्हावयाच्या असतील" असें म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आम्हीं हें सासूबाईंपुढें मांडिलें. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, आणि मग म्हणाल्या, "ती येत नाहीं तर मीच जातें." अडुसष्टाव्या वर्षीं बाई उटणें, शंकरपाळे, कडबोळीं आणि बेसनाचे लाडू घेऊन विमानानें गुवाहाटीस व तेथून मोटारीनें तेजपुरास गेल्या. सासऱ्यांनीं आमच्याकडून संकल्प लिहून घेतला. गोदावरी स्त्रीलिंगी, ब्रह्मपुत्र पुल्लिंगी. म्हणून "ब्रह्मपुत्रस्य उत्तरे तीरे" असें स्वच्छ अक्षरांत लिहून दिलें, कारण तेजपूर उत्तर तीरावर आहे.

परत आल्यावर त्यांनीं सांगितलेली हकीकत अशी. चतुर्दशीला पहांटे त्यांच्याप्रमाणेंच शेजारच्या एका तमिळ बाईच्या घरीं दिवा दिसला. तमिळ देशांतही दिवाळीचें तैलस्नान ह्याच पहांटे होतें. समोरच्या पंजाबी कुटुंबाची दिवाळी अमावास्येची, त्यांना ह्या लगबगीचें नवल वाटलें. आसामी लोक ऑक्टोबरच्या मध्यास काति बिहूला तुळशीपाशीं आणि भाताच्या शेतांत दिवे लावतात, आणि उंच वेळूवर आकाशबंती टांगतात; आपला आकाशदिवा बघून धोब्याच्या मुलाला तो परका वाटला नाहीं. संकल्प सुनेनें सोडला आणि पूजा तिनेंच केली. सासूबाई शेजारीं बसून होत्या.

मुलगा मात्र खालीं येऊं शकला नाहीं. पाडव्याला पाट मांडला आणि तो रिकामा राहिला. वर ठाण्यांत त्या रात्रीं बडा खाना झाला, अधिकारी आणि जवान एकत्र जेवले, आणि त्यानें चार मिनिटें फोन केला. हें दुःख कोणत्याही शास्त्रार्थानें जात नाहीं, आणि तें जातें असें आम्ही म्हणतही नाहीं. पण जी मुलगी त्या पाटापुढें एकटी बसली असती ती एकटी बसली नाहीं. भाऊबीजेला तिचा भाऊ पुण्यांत, म्हणून तिनें चंद्राला ओंवाळलें. सासूबाई म्हणाल्या, त्यांच्या आईनेंही अशींच किती वर्षें चंद्राला ओंवाळलें होतें. भावाबहिणींत अंतर पडतें हें आपल्या पूर्वजांना ठाऊक होतें, आणि त्यांनीं त्याची तरतूद करून ठेविली आहे.

म्हणून ज्यांचीं मुलें दूरच्या छावणींत आहेत त्यांना आमचें सांगणें थोडकें आहे. फराळ तीन आठवडे आधीं धाडावा. सीमेवरच्या पत्त्यांत गांवाचें नांव नसतें, सैनिकाचा क्रमांक, नांव, पलटण आणि ५६ किंवा ९९ ए.पी.ओ. एवढेंच असतें, तें अचूक लिहावें. घरचा कुळाचार सुनेला कागदावर उतरवून द्यावा. तो तिनें लग्नानंतर दोन वर्षांत पाहून पाठ केला असेल अशी अपेक्षा धरूं नये. फोन त्यांच्या सूर्यास्ताप्रमाणें करावा. आणि जेथें कुटुंबाला राहतां येतें अशा ठाण्यावर मुलें असतील, तर "केव्हां येतां?" असें विचारण्याऐवजीं "आम्ही केव्हां येऊं?" असें एकदां विचारून पाहावें. रेल्वेचें आरक्षण आतां ६० दिवस आधीं मिळतें. दिवाळीचा विचार गणपति बसण्याच्या सुमारासच केला तर जागा मिळण्यास हरकत नाहीं.