घरचें विज्ञान : आवाज मागें कां राहतो?

गेल्या दिवाळींत जूचंद्रास एका स्नेह्यांचे घरीं जाण्याचा योग आला. वसई रोड ते दिवा या मार्गावरील हें लहानसें स्थानक. डोंगरावर चंडिकादेवीचें देऊळ, आणि गांवाची ख्याति रांगोळीची. माणसाच्या चेहऱ्यावरील छायाप्रकाश नुसत्या रंगाच्या चिमटीनें उठविणारे कलावंत या गांवांत आहेत. आम्ही गेलों होतों रांगोळ्या पाहावयास. परंतु परतलों तों एका निराळ्याच विषयाचीं टांचणें घेऊन. जुने व्हिडिओ गेम ज्यांच्या घरीं हल्लींच्या टीव्हीवर खेळले जातात, त्या वाचकांस तीं उपयोगीं पडतील म्हणून येथें देत आहों.

घर तीन भावांचें, एकत्र कुटुंबाचें. वडील बंधु आप्पा पन्नाशीच्या उंबरठ्यावरचे. त्यांच्या लहानपणीं, म्हणजे १९९० नंतरच्या दशकांत, कॅसेट घालून खेळावयाचा ‘टीव्ही गेम’ घरोघर आला होता. मूळ यंत्र जपानांत १९८३ सालीं निघालेलें निंटेंडो कंपनीचें ‘फॅमिली कॉम्प्युटर’. आपल्याकडे आलीं तीं बहुतेक त्याचीं नकलेचीं भावंडें. आप्पांचा तो संच केव्हांच बंद पडला. यंदा पुतण्यांनीं संगणकावर एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राच्या वागणुकीची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम, बसवून तो मोठ्या टीव्हीस जोडला, आवाजासाठीं ब्लूटूथचा स्पीकर ठेवला, आणि १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ लावून आप्पांच्या हातीं खेळाची मूठ दिली.

आप्पांची प्रत्येक उडी खड्ड्यांत पडूं लागली. मुलें हसलीं. “आप्पाकाका, तुम्ही तर म्हणत होतां कीं डोळे मिटून खेळतां येत होतें!” आप्पाहि हसले आणि मूठ खालीं ठेवून उठले. परंतु थोड्या वेळानें ते वहिनींस हलकेच म्हणाले तें आमच्या कानीं पडलें : “आजच्या भजनाला तबल्यावर दुसऱ्या कोणाला तरी बसवा. हात आतां वेळेवर पडत नाहीं.”

वीस वर्षें गांवच्या भजनास साथ करणाऱ्या माणसानें एका खेळावरून असा निकाल द्यावा, हें आम्हांस बरें वाटलें नाहीं. आम्हीं मूठ हातीं घेऊन उडीची कळ नुसती दाबून पाहिली. कळ खालीं गेली, मग चित्रांतला गडी उडाला, आणि त्याच्याहि मागून उडीचा आवाज आला. दोष आप्पांच्या हाताचा नव्हता.

आवाज आणि चित्र यांची फारकत झाली, म्हणजे लोक वाटेल ती सेटिंग फिरवूं लागतात. तसें करूं नये. प्रथम दोषाची जात ओळखावी. आवाज आरंभीं जितका मागें, तितकाच तासाभरानेंहि मागें राहत असेल, तर दोष बाहेरच्या सामानांत, म्हणजे टीव्हींत किंवा स्पीकरांत, आहे. चालीत दोष नसून मधूनमधून ‘तड्’ असा आवाज येत असेल, तर दोन घड्याळांचा मेळ बसलेला नाहीं. खेळ रखडतो आणि आवाज सारखा फाटतो असें असेल, तर संगणकास भार पेलत नाहीं. अशा वेळीं चित्रास जुन्या पडद्याचा रंगढंग देणारे ‘शेडर’ काढावेत व वीजबचतीची सोय बंद करावी.

जूचंद्रास पहिला दोष उघड होता. साधा ब्लूटूथ स्पीकर आवाज बांधून पाठवितो आणि सोडवून वाजवितो. या व्यवहारांत बहुधा दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा सहावा-चौथा हिस्सा, जातो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ सालच्या शिफारशीप्रमाणें आवाज चित्राच्या पुढें ४५ मिलिसेकंद गेला कीं माणसास कळूं लागतें. मागें मात्र १२५ मिलिसेकंद राहीपर्यंत तें ध्यानांत येत नाहीं. असें होण्यास कारण आहे. सृष्टींत आवाज नेहमीं मागूनच येतो. दूरच्या शेतांत फटाका उडाला कीं उजेड आधीं दिसतो. चाळीस-बेचाळीस मीटरांवरचा आवाज यावयास तेवढाच वेळ लागतो. परंतु ही सवलत नुसत्या पाहणाऱ्याची. स्वतः कळ दाबणाऱ्यास, आणि तोहि तबलजी असल्यास, एवढी सूट चालत नाहीं. आप्पा उडीची वेळ कानानें धरीत होते.

आम्हीं स्पीकर काढून तारेचा जोडला आणि टीव्हींतील ‘गेम मोड’ चालू केला. हल्लींचा टीव्ही चित्र सजविण्यासाठीं तें क्षणभर स्वतःपाशीं ठेवून घेतो. गेम मोडमध्यें ही सजावट बहुतांशीं बंद होते. पूर्वींच्या कांचनळीच्या टीव्हींत ती नव्हतीच. मुलें कां चुकत नव्हतीं, याचाहि उलगडा झाला : त्यांनीं उशीर नसलेला संच पाहिलेलाच नव्हता, म्हणून तीं नकळत कळ आधीं दाबावयास शिकलीं होतीं.

आवाज जागेवर आला. परंतु आतां दर अर्ध्या-पाऊण मिनिटास ‘तड्’ असें ऐकूं येऊं लागलें. हा दुसरा दोष. तो समजण्यास बोलपटाकडे पाहावें. मुंबईस १९३१ सालीं ‘आलम आरा’ लागला आणि १९३२ सालीं प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, तेव्हांपासून एकाच फितीवर चित्र व आवाज नांदूं लागले. चित्रासमोर फीत थांबत थांबत, धक्क्यानें सरकते. आवाजाच्या रेघेस मात्र अखंड, एकसारखी गति लागते. म्हणून ३५ मिलिमीटर फितीवर त्या त्या चित्राचा आवाज सुमारे वीस चौकटी पुढें छापीत. डोळा धक्का सोसतो; कान सोशीत नाहीं. एम्युलेटरचा सारा पेंच हाच आहे.

मूळ जपानी यंत्र सेकंदास ६०.०९८८ चौकटी काढी. आपला पडदा ६० दाखवितो. फरक क्षुल्लक, परंतु दर दहा सेकंदांस एक चौकट जास्त होते. आवाज म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच समजा : सेकंदास ४८,००० ठिपके लागतात. एम्युलेटर पडद्याच्या तालावर चालला, तर तो सुमारे ४७,९२१ च ठिपके तयार करतो. ७९ कमी पडतात. मधल्या सांठवणीत, ज्यास बफर म्हणतात, ६४ मिलिसेकंदांचा, म्हणजे ३,०७२ ठिपक्यांचा, सांठा असला तर तो चाळीस सेकंदांच्या आंत आटतो आणि ‘तड्’ होतें. उलट आवाजाच्या तालावर चाललें, तर दर दहा सेकंदांस चित्र अडखळतें. एका घरांत दोन कारभारी झाल्यावर व्हावयाचें तेंच हें.

पुष्कळ लोक येथें सांठवण वाढवितात. त्यानें ‘तड्’ लांबणीवर पडतें, पण आवाज आणखी मागें राहतो. म्हणजे कर्ज फेडण्यास कर्ज काढल्यासारखें होतें. खरा उपाय रेट्रोआर्च या एम्युलेटर-संचाचे एक कर्ते हान्स-क्रिश्चन आर्न्ट्झेन यांनीं २०१२ सालीं मांडला. सांठा घटूं लागला कीं ठिपके किंचित् ताणावयाचे, वाढूं लागला कीं किंचित् दाटावयाचे. आपल्या उदाहरणांत हा ताण शेंकडा ०.१६ इतकाच पडतो. पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांतील अंतराचा पस्तिसावा भाग. चांगल्या कानासहि तो कळत नाहीं. यासाठीं व्ही-सिंक व ऑडिओ सिंक हीं दोन्हीं चालू ठेवावींत, ‘डायनॅमिक रेट कंट्रोल’ चालू असावें, आणि पडद्याची खरी गति प्रोग्रॅमकडूनच मोजवून भरावी. जूचंद्रास ही शेवटची बाब चुकलेली होती. ती सुधारतांच ‘तड्’ थांबलें.

आप्पांस पुन्हां बोलाविलें. त्यांनीं दोन खड्डे ओलांडले आणि थांबून म्हणाले, “सगळें ठीक आहे, पण हें गाणें फार घाईनें वाजतें. आमच्या वेळीं असें नव्हतें.” मुलांनीं एकमेकांकडे पाहिलें; काकांच्या आठवणीवर आतां त्यांचा विश्वास नव्हता. परंतु आठवण खरी होती. जपानांतील व अमेरिकेंतील टीव्हीची चाल सेकंदास ६० चित्रांची. आपल्याकडील दूरदर्शनची ‘पाल’ पद्धति ५० ची. या खेळांतील संगीत चौकटीगणिक एक पाऊल पुढें टाकतें, म्हणून ५० च्या चालीवर तें षष्ठांशानें संथ होतें. एम्युलेटरमध्यें प्रांत निवडण्याची सोय असते. त्यांत ‘डेंडी’ नांवाचा एक प्रकार आहे. १९९२ सालीं रशियांत विकावयास आलेल्या अशाच एका नकली संचाचें हें नांव. त्याची चाल ५० ची असूनहि स्वर जवळजवळ मूळचाच राहतो. तो निवडला आणि टीव्हीकडे जाणारें चित्रहि ५० हर्ट्झवर ठेवलें. कारण ५० चौकटी ६० च्या पडद्यावर दाखविल्यास प्रत्येक पांचवी चौकट दोनदां येते आणि चाल उसळते.

गाणें सुरू झालें. आप्पांनीं मांडीवर बोटांनीं ठेका धरला आणि म्हणाले, “हेंच.” धाकटा पुतण्या थोडा वेळ तो ठेका पाहत राहिला, आणि मग मूठ त्यांच्याकडेच राहूं द्या म्हणाला.

तेव्हां क्रम ध्यानांत ठेवावा : आधीं तार, मग टीव्ही, मग घड्याळाचा मेळ, शेवटीं प्रांत; आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, नाहीं तर गुण कशानें आला तें कळत नाहीं. घरांतील कोणाचा हात किंवा आठवण चुकली असें ठरविण्याचें काम या चौघांची तपासणी झाल्यावरचें आहे.

रात्रीं भजनास आप्पाच तबल्यावर बसले. मारिओ अजूनहि अधूनमधून खड्ड्यांत पडतो, असें त्यांचें परवां पत्र आलें. परंतु तो दोष आतां आपलाच आहे, हें त्यांनीं समाधानानें लिहिलें आहे.